मॅडम, एकदा बघून घेता का?

चंडीमंदिरच्या छावणीतल्या दंतकेंद्रात माझी खुर्ची आणि लॅब यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि त्या भिंतीला एक दार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे आर्मी डेंटल कोअरची अधिकारी म्हणून काम करत होते. आज पुण्यातल्या माझ्या दवाखान्यातून दाताचं माप थेट दुसऱ्या राज्यातल्या लॅबला जातं, पापणी लवायच्या आत, आणि आठवड्याच्या आत कॅप कुरिअरनं हातात पडते. कॅप उत्तम असते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते ‘जुनं ते सोनं’ या सुरातलं नाही. पण त्या दाराची आठवण मला आजही काम करताना येते, आणि ती का येते हे एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

चंडीमंदिर मराठी वाचकाला फारसं ठाऊक नसेल. चंडीगडला जिच्यामुळे नाव मिळालं त्या चंडीदेवीचं देऊळ इथलं, चंडीगडहून काल्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं. सरकारी हिशेबात हा भाग हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात मोडतो. पश्चिम कमांडचं मुख्यालय १९८५ साली शिमल्याहून खाली इथे आलं आणि मग छावणी वाढत गेली. मागे शिवालिकच्या टेकड्या, जवळून वाहणारी घग्गर नदी. पावसाळा सोडला तर ती नदी आहे की वाळूचं पात्र आहे असा प्रश्न पडावा. जानेवारीत धुकं इतकं दाट की सकाळी दहापर्यंत समोरची बराक दिसायची नाही. ऑक्टोबरात मात्र हवा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा उजेड असा की दाताचा रंग ठरवायला त्याहून चांगला उजेड मला पुढे कुठेच मिळाला नाही.

रूट कॅनॉल झालं की डॉक्टर कॅप बसवून घ्यायला सांगतात, आणि कॅप डॉक्टरच करतात असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात डॉक्टर दात सगळ्या बाजूंनी तासतो, त्याचं माप घेतो आणि शेवटी तयार कॅप चिकटवतो. मधलं सगळं तंत्रज्ञाच्या हातचं. मापात प्लास्टर ओतून दाताची प्रतिकृती करायची, तिच्यावर मेणाची कॅप घडवायची, ते मेण साच्यात जाळून त्या पोकळीत वितळलेला धातू भरायचा, मग त्या धातूच्या टोपीवर चिनीमातीची पावडर ब्रशनं थर देत देत चढवायची आणि प्रत्येक थर भट्टीत भाजायचा. एवढं सगळं करणाऱ्यानं तो दात, ते तोंड, तो माणूस सहसा पाहिलेलाच नसतो. एकानं पाहिलेलं दुसऱ्याच्या हातात उतरायचं. कॅप चांगली होते की वाईट, हे निम्मं या उतरण्यावर ठरतं.

आमच्याकडे ते उतरणं त्या दारातून व्हायचं. पलीकडे ओल्या प्लास्टरचा आणि वितळत्या मेणाचा वास. कास्टिंगच्या वेळी गॅसच्या ज्योतीचा घरघराट सुरू झाला की खुर्चीतला जवान डोळे विस्फारून भिंतीकडे बघायचा. मग मी त्याला सांगायचे, तुझीच कॅप ओतताहेत. निकेल-क्रोमियम वितळून चमकायला लागला की कास्टिंग मशीनचा दांडा सोडायचा, आणि तो गरगर फिरून धातू साच्यात फेकायचा. त्या काही क्षणांत चूक झाली तर मेणापासून पुन्हा सुरुवात. त्यामुळे त्या वेळी लॅबमध्ये कुणी हाक मारायची नाही, हा अलिखित नियम होता आणि कर्नलसुद्धा तो पाळायचे.

लॅब सांभाळणारे नायब सुभेदार साताऱ्याकडचे. घरात फौजेची परंपरा, स्वतः मात्र बंदुकीपेक्षा मेण कोरायच्या हत्यारांवर हात बसलेला. फौजेत नायब सुभेदारासारख्या जेसीओला अधिकारीही ‘साहेब’ म्हणतात. तशी मी त्यांना साहेब म्हणायचे, ते मला मॅडम. दोघंच असलो की मराठी, तिसरं कुणी आलं की हिंदी. वयानं ते माझ्यापेक्षा बरेच मोठे, अनुभवानं त्याहून मोठे आणि हुद्द्यानं माझ्या खाली. आता या तीन गोष्टी एकत्र ठेवून विचार करा. अधिकाऱ्यानं घेतलेलं माप बरोबर नाही, हे हुद्द्यानं खालच्या माणसानं सांगायचं कसं?

साहेबांनी त्यावर आपला मार्ग काढला होता. ते माप वाईट आहे असं कधी म्हणत नसत. ते डाय आणून ठेवत.

डाय म्हणजे मॉडेलमधून कापून वेगळी काढलेली त्या एकाच दाताची प्रतिकृती, करंगळीच्या टोकाएवढी. तासलेला भाग जिथे संपतो आणि न तासलेला दात सुरू होतो ती कड म्हणजे मार्जिन. कॅपची कड नेमकी तिथे टेकायला हवी. फट राहिली तर सिमेंट विरघळतं, अन्न अडकतं, आत कीड लागते. किती फट चालते यावर बरंच संशोधन झालं आहे. १९७१ साली मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १२० मायक्रॉनपर्यंतची फट व्यवहारात चालून जाते असं मांडलं, आणि तो आकडा अजून सांगितला जातो. १२० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा साधारण आठवा भाग. साहेब भिंगाखाली मार्जिनच्या खालचं प्लास्टर बारीक कोरून काढत, कड उठावदार करत आणि मग तिच्यावरून लाल पेन्सिलीनं रेघ फिरवत. रेघ दाताभोवती अखंड फिरली की काम पुढे जायचं. मापात कुठे लाळ किंवा रक्त आडवं आलेलं असेल, तर तिथलं प्लास्टर गुळगुळीत गोलसर येतं, रेघ काढायला कडच सापडत नाही. साहेब तिथे रेघ सोडून देत. अंदाजानं जोडून टाकणं सोपं होतं, बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. ते करत नसत.

मग ती डाय कापसावर ठेवून ट्रेमधून माझ्या टेबलावर यायची. लाल रेघ अर्ध्यापर्यंत आलेली, मध्ये कोरी जागा, मग पुन्हा रेघ. सोबत एकच वाक्य: “मॅडम, एकदा बघून घेता का?”

एवढ्यात सगळं कळायचं. माप कुठे बिघडलं, किती बिघडलं आणि नवं घ्यायला लागणार. रुग्ण छावणीतच असायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावता यायचा. कुणाचा अपमान नाही आणि कुणाला सफाई द्यायची गरज नाही.

दुसरी युक्ती मला आणखी आवडायची. मागच्या दाढा बुटक्या असतात, तोंड पुरेसं उघडत नाही, आणि कितीही काळजी घेतली तरी एखादा कोपरा हवा तितका तासला जात नाही. चघळण्याच्या बाजूला धातू आणि त्यावर चिनीमाती बसायची तर साधारण दोन मिलिमीटर जागा लागते. ती नसेल तर दोनच वाटा. एक तर कॅप उंच करा, म्हणजे रुग्ण दात मिटल्यावर पहिला त्याच्यावर आपटणार. नाहीतर चिनीमातीचा थर इतका पातळ ठेवा की सहा महिन्यांत टवका उडेल. अशा वेळी साहेब मॉडेलवरचा अडणारा उंचवटा आपल्या हिशेबानं घासत, आणि त्यावर लाल रेझिनची एक पातळ टोपी करत. टोपीला नेमकं तिथेच भोक, जिथे त्यांनी प्लास्टर घासलं होतं. मी ती टोपी रुग्णाच्या दातावर बसवायची. भोकातून दाताचा जो भाग वर डोकावेल तेवढाच ड्रिलच्या बरनं घासून टोपीशी सपाट करायचा. नवं माप नको, चर्चा नको. इतकं नेमकं पत्र मला कुणी लिहिलं नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र ते बोलत आणि भरपूर बोलत. व्हिटा कंपनीची शेड गाइड तेव्हाही तीच होती जी आज आहे: सोळा नमुन्यांची, ए-१ पासून डी-४ पर्यंत. मी शेड ठरवून कागदावर ‘ए-३’ लिहून पाठवू शकले असते. पण पुढच्या दाताची केस असली की मी दार वाजवायचे आणि साहेब हात धुऊन बाहेर यायचे. रंग पाहायचा तो सगळ्यात आधी, दात तासायच्या कितीतरी आधी, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की तो फिका दिसायला लागतो. रुग्णाला खिडकीकडे तोंड करून बसवायचं. एकटक बघायचं नाही, चार-पाच सेकंदांत नजर हटवायची, कारण डोळा लवकर थकतो आणि मग सगळेच नमुने सारखे वाटतात. साहेब एका कागदावर दाताची मोठी बाह्याकृती काढत आणि तिच्यात नकाशा भरत. हिरडीजवळ ए-३.५, मधे ए-३, खाली कड जरा निळसर पारदर्शक, डावीकडे एक उभी बारीक चीर, वर एक पांढरा ठिपका. ठिपकासुद्धा ते कॅपमध्ये घालत. शेजारच्या दातावर ठिपका असताना याच्यावर नसला तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

आणि त्या पाच-दहा मिनिटांत गप्पा. जवान माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा, ‘जी मॅडम’, ‘नहीं मॅडम’. साहेबांशी तो माणसासारखा बोलायचा. गाव कुठलं, पलटण कुठली, सुट्टी कधी. मराठा लाइट इन्फंट्रीचा किंवा महार रेजिमेंटचा कुणी असला तर विचारायलाच नको. एकदा वरच्या पुढच्या दोन दातांना कॅप करायच्या होत्या, हॉकी खेळताना तुटलेले दात. रंग बघता बघता साहेबांना कळलं की हा बँडमधला बिगुलवाला आहे. माझ्या केसपेपरवर हुद्दा होता, नंबर होता, युनिट होतं, बिगुल नव्हतं. बिगुलाचं तोंड ओठांवर दाबलं जातं आणि ओठांच्या मागे हेच दात असतात. दात पूर्वीपेक्षा केसभर जाड झाला, की ओठाखालचा आधार बदलतो आणि वर्षानुवर्षांची फुंक बिघडते. साहेबांनी त्याला पुढच्या वेळी बिगुलाचा माउथपीस घेऊन यायला सांगितलं. कॅपना अजून चकाकी दिलेली नव्हती, त्या खरखरीत अवस्थेत त्या दातांवर नुसत्या बसवून त्याला फुंकायला लावलं. दोनदा काढून ओठाकडची बाजू घासली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ठीक है साहब. मग ग्लेझ.

ती माहिती लॅबपर्यंत पोचली, कारण लॅबचा माणूस खुर्चीपर्यंत आला होता. हा सगळा लेख मी त्या बिगुलासाठी लिहिते आहे असं म्हटलं तरी चालेल.

फौजेबाहेर तेव्हाही चित्र वेगळं होतं हे कबूल करायला हवं. शेजारच्या खोलीत लॅब असणं ही मोठ्या रुग्णालयांची आणि कॉलेजांची चैन होती. माझी एक वर्गमैत्रीण लातूरला दवाखाना चालवायची. तिचं काम पुण्याच्या लॅबकडे एसटीच्या पार्सलनं जायचं. मॉडेल कापसात गुंडाळून मिठाईच्या खोक्यात, खोक्यावर सुतळी, आत चिठ्ठी. चिठ्ठीत शेड, दाताचा नंबर आणि बरोबर असा मजकूर: रुग्णाच्या मुलीचं लग्न आहे, बारा तारखेच्या आत काहीही करून द्या. रात्री एसटीडीचे दर उतरले की पीसीओवर जाऊन लॅबला फोन. लॅबचा मालक ओळखीचा, पण ज्याच्या हातून कॅप घडायची तो कारागीर फोनवर कधी यायचा नाही. त्याच्या मनात काही शंका आली तरी ती मालकापर्यंत, मालकाकडून फोनपर्यंत आणि फोनवरून लातूरपर्यंत पोचता पोचता ‘डॉक्टरांनी जरा माप नीट घ्यावं’ एवढीच उरायची. कधी खोक्यात मॉडेलचा दातच मोडलेला निघायचा. आल्जिनेट या पेस्टचं माप असेल तर ते तसंच पाठवून उपयोगच नसायचा. त्यातलं पाणी उडालं की ते आक्रसतं, ओलं ठेवलं की फुगतं. तिथल्या तिथे प्लास्टर भरावं लागतं. चांगली रबर मापं होती, पण महाग. दवाखान्यातली नर्स किंवा डॉक्टर स्वतःच रात्री बसून मॉडेल ओतायचे.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक या तिघांच्याही नोंदणीची सोय केली होती. डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कागदावर तो या व्यवसायाचा एक मान्य भागीदार आहे. व्यवहारात कितीतरी चांगले कारागीर एखाद्या लॅबमध्ये झाडलोटीपासून सुरुवात करून, बघून बघून शिकले, आणि त्यांचं नाव ना डॉक्टरला माहीत असायचं ना रुग्णाला. माझ्या साहेबांचा बिल्ला निदान त्यांच्या छातीवर होता.

आता आजचं सांगते.

गंमत अशी की ज्या १९८५ मध्ये पश्चिम कमांड चंडीमंदिरला आलं, त्याच वर्षी झुरिचमध्ये मॉर्मान हे दंतवैद्य आणि ब्रँडेस्टिनी हे अभियंता यांनी तोंडात छोटा कॅमेरा घालून दाताची प्रतिमा घेतली, आणि रुग्ण खुर्चीत असतानाच यंत्रावर चिनीमातीचा तुकडा कोरून दातात बसवला. आम्ही तिकडे लाल पेन्सिल फिरवत होतो तेव्हा हे सुरू झालेलं होतं, आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आज माझ्या टेबलावर जाडसर पेनाएवढा स्कॅनर आहे. तो दातांवरून फिरवला की पडद्यावर जबडा उभा राहतो, रंगासकट. मार्जिन मी तिथेच मोठी करून बघते. कुठे अस्पष्ट असेल तर हिरडी थोडी बाजूला सारून तेवढाच भाग पुन्हा स्कॅन करते. वरचे आणि खालचे दात मिटवले की जागा कमी आहे तिथे पडदा लाल होतो. ज्यासाठी साहेबांना रात्री रेझिनची टोपी करावी लागायची, ते मला रुग्ण उठायच्या आत कळतं. उलटी आणणारी मापाची ती थंडगार पेस्ट नाही, मोडलेलं मॉडेल नाही, एसटीचं खोकं नाही. ज्यांनी सुजलेल्या तोंडानं तीन-तीन वेळा माप दिलं आहे त्यांना विचारा, हे केवढं मोठं सुख आहे.

धातूही बराचसा गेला. झिरकोनियाचा ठोकळा संगणकाच्या आज्ञेनं कोरला जातो, मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठा, कारण पुढे दीड हजार अंशांच्या आसपास भट्टीत तो तेवढा आक्रसतो. आक्रसून बसतो तो इतका नेमका की साहेबांनी पाहिलं असतं तर भिंग काढून तपासत बसले असते. केरळमध्ये मुवाट्टुपुळासारख्या गावात देशभरातून काम येणारी प्रचंड लॅब उभी आहे. लातूरच्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा आता तिच्याच जागी बसतो आणि त्याच्या केसेस पुण्यालाच नव्हे, कुठेही जाऊ शकतात. लहान गावातल्या रुग्णाला मोठ्या शहराच्या तोडीची कॅप मिळते. हे माझ्या पिढीनं पाहिलेलं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

मग कमी काय झालं?

फाइल पाठवताना एक फॉर्म भरायचा असतो. दाताचा नंबर, साहित्य, शेड, डिलिव्हरीची तारीख. प्रत्येकासमोर यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं. शेवटी ‘रिमार्क्स’ नावाची एक रिकामी चौकट असते आणि बहुतेक वेळा ती रिकामीच जाते. पलीकडे डिझायनर कॅपचं चित्र तयार करून पाठवतो, खाली दोन बटणं: मंजूर, बदल हवा. ते चित्र मला दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मोबाइलवर दिसतं. मी फिरवून बघते, मंजूर दाबते. बहुतेक वेळा ते मंजूर करण्यासारखंच असतं. पण त्या डिझायनरला मी ओळखत नाही, तोही मला नाही. त्याच्याकडे दिवसाला अशा कितीतरी केसेस असणार. समजा त्याला वाटलं की इथे काहीतरी गडबड आहे, समोरचा दात विचित्र झिजला आहे, डॉक्टरना एकदा विचारावं. विचारणार कुणाला? माझ्या नावाच्या एका खात्याला. विचारलं तर केस थांबते, थांबली तर तारीख चुकते, तारीख चुकली तर जाब त्यालाच. त्याला सगळ्यात सोयीचं म्हणजे आलेल्या फाइलवर जमेल तेवढं चांगलं करून पुढे पाठवणं. लाल रेघ कोरी सोडायला आज कुणाला परवडत नाही, आणि यात माझ्या मते त्याचा दोष नाही. आपण रचनाच अशी केली आहे की ‘एकदा बघून घेता का’ हे म्हणायला जागा उरलेली नाही.

स्कॅनरनं तंत्रज्ञाची अर्धी तक्रार आपल्या अंगावर घेतली, ते चांगलं झालं. मार्जिन, जागा, दोन कॅपना एका दिशेनं बसवायचा कोन या गोष्टी यंत्र माणसापेक्षा रोखठोक सांगतं आणि हुद्दा बघत नाही. पण रंग, चेहरा, सवय, बिगुल हे कुठल्याच फाइलमध्ये येत नाही. रंगाचं तर उलट अवघड झालं आहे. व्हॉट्सॲपवर दाताचा फोटो पाठवतो तेव्हा मोबाइल स्वतःच्या मर्जीनं रंग सुधारतो, पिवळ्या दिव्याखाली पिवळेपणा काढतो, फोटो छोटा करून पाठवतो. मी तरुण डॉक्टरांना एवढंच सांगते की नुसता दात पाठवू नका. शेड गाइडचा नमुना दाताला लावून, त्याच पातळीत धरून, नमुन्यावरचा नंबर दिसेल असा फोटो घ्या. मग फोटोतले रंग किती बिघडले आहेत हे पलीकडच्याला नमुन्यावरून समजतं, तो मनानं दुरुस्ती करू शकतो. आणि फोटो दात तासायच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

गेल्या हिवाळ्यात पंचकुल्याला जाणं झालं. फौजेत माझ्या हाताखाली उमेदवारी केलेली एक मुलगी आता तिथे दवाखाना चालवते. मी मुलगी म्हणते, पण तिलाही नातवंडं आहेत. तिच्याकडे स्कॅनर आहे, लॅब मोहालीची. पण पुढच्या दाताची केस असली की लॅबची डिझायनर स्कूटरवरून तिच्या दवाखान्यात येते आणि रुग्णासमोर बसून शेड घेते. ते जमलं नाही तर व्हिडिओ कॉल करते. याचे पैसे लॅब वेगळे लावते आणि ही ते देते. मी विचारलं, परवडतं का? ती म्हणाली, मॅडम, कॅप परत करून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. दुपारी तिच्याबरोबर चंडीमंदिरच्या बाजूला जाऊन आले. रस्ता रुंद झालाय, उड्डाणपूल आलेत, शिवालिकच्या अंगावर घरं चढलीत. साहेब निवृत्तीनंतर गावी गेले आणि काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मुलानं कळवलं होतं.

पुण्याला परतल्यावर मी माझ्या लॅबला लिहिलं की मला माझ्या केसेस शक्यतो एकाच डिझायनरकडे हव्या आहेत, त्याचं नाव हवं आहे, आणि पुढच्या दातांच्या आणि अडचणीच्या केसेसना रुग्ण खुर्चीत असताना पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल हवा आहे. लागेल तो आकार द्यायला तयार आहे. लॅबनं सुरुवातीला टाळाटाळ केली, मग मान्य केलं. आता माझ्या केसेस एक मल्याळी मुलगी बघते. तिचं हिंदी अडखळतं, माझं इंग्रजी तिला कळतं, आणि दाढांच्या भाषेत आम्हा दोघींनाही काही अडत नाही.

परवाच्या केसमध्ये सदाशिव पेठेतले एक निवृत्त मास्तर होते. उजवीकडच्या खालच्या दाढेला कॅप, सरळ काम. कॉलवर तिनं स्कॅन फिरवला आणि विचारलं, हे डाव्या बाजूनंच चावतात का? डावीकडचे दात फार झिजलेले दिसतात. मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “हो तर! उजवीकडची ही दाढ मोडल्यापासून तिकडे घासच नेत नाही. झाली की सात-आठ वर्षं.” मग ती म्हणाली की म्हणूनच समोरची वरची दाढ खाली उतरली आहे, कॅप तिच्या मापानं बसवली तर बुटकी होईल आणि पुढे फुटेल, तुम्ही वरच्या दाढेचं एक टोक थोडं घासाल का? पडद्यावर तिनं नेमकं टोक दाखवलं. मी मास्तरांना समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. टोक अर्धा मिलिमीटर घासलं, तेवढा भाग पुन्हा स्कॅन केला आणि फाइल पाठवली. तोवर ती कॉलवर थांबून होती. मापं घेऊन म्हणाली, अब जगह है मॅडम, मैं शुरू करती हूँ.